कव्हर कुणी छापलं? मराठी रेकॉर्डच्या वेष्टनांच्या मुद्रकांचा शोध

शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली एचएमव्हीने ‘शिवकल्याण राजा’ ही लाँग प्ले रेकॉर्ड काढली. आवाज लता मंगेशकरांचा, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, हे मराठी घरात कुणालाही विचारा. एचएमव्हीच्या रेकॉर्डी कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात दाबल्या जात, हे जरा जाणकार माणूस सांगेल. पण अशा रेकॉर्डचं बारा इंची कव्हर कोणत्या छापखान्यात छापलं, पुठ्ठा कुणी कापला, फ्लॅप कुणी चिकटवले, असं विचारलं की मुरलेले संग्राहकही थांबतात. गायक, कवी, संगीतकार, तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण यांची नोंद ठेवणारे आपण छापणाऱ्याचं नाव मात्र कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

याउलट १८८० साली निघालेलं एखादं मराठी चोपडं घ्या. १८६७च्या मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायद्यामुळे ते सरकारच्या त्रैमासिक यादीत चढलं. त्या यादीत मुद्रकाचं नाव, छपाईचं गाव, पानं, आकार, किंमत, किती प्रती काढल्या, शिळाप्रेसवर छापलं की खिळ्यांनी जुळवलं, एवढं सगळं नोंदवायचं असे. पुढे शंकर गणेश दात्यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९५० या काळातली पुस्तकं मांडून ठेवली. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या सोळा पानी पोथीचा छापखाना आपल्याला सापडतो आणि आपल्या आईवडिलांनी पगारातून पैसे बाजूला काढून आणलेल्या रेकॉर्डच्या कव्हराचा सापडत नाही, ही उणीव मला फार मोठी वाटते. मुंबईच्या छपाईधंद्याच्या इतिहासातलं हे पानच गळालेलं आहे.

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. १८६७च्या कायद्याचं तिसरं कलम सांगे की छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर वा कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण वाचता येईल असं छापलं पाहिजे. रेकॉर्डचं कव्हर म्हणजे असा कागद की नुसतं वेष्टन? व्यवहारात ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं, म्हणून काही कव्हरांवर मुद्रकाची ओळ आढळते आणि बहुतेकांवर नाही. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांकडे, त्यात मुंबईच्या टाउन हॉलमधल्या संग्रहाकडे, जाऊ लागली. रेकॉर्डना तो लागू नव्हता. १९८४ साली चोरट्या कॅसेटींना आळा घालण्यासाठी कॉपीराइट कायद्यात ५२-अ हे कलम आलं. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष देणं सक्तीचं झालं. निर्माता आला, मालक आला, वर्ष आलं. मुद्रक इथेही राहिलाच. आता तर १८६७चा कायदाही रद्द झाला आहे आणि त्याच्या जागी आलेला २०२३चा कायदा नियतकालिकांपुरताच आहे.

म्हणून पहिली सावधगिरी. कव्हराच्या पाठीवर खाली ‘मेड इन इंडिया’ आणि दमदमचं नाव दिसलं की कव्हरही तिथलंच, असं समजायची सवय पडली आहे. ती ओळ रेकॉर्ड बनवणाऱ्या कंपनीची आहे. कारखाना लाखेच्या, पुढे विनाइलच्या तबकड्या दाबत असे; बहुरंगी छपाई आणि पुठ्ठ्याची घडाई हा निराळा धंदा, निराळी यंत्रं, निराळे कामगार. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर शोध सुरूच होत नाही.

जिथे हा शोध लागला आहे तिथे तो का लागला, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची कव्हरं गॅरड अँड लॉफ्टहाउस, अर्नेस्ट जे. डे, मॅकनील प्रेस, रॉबर्ट स्टेस अशा मोजक्या मुद्रकांकडून येत आणि पाठीवर बारीक अक्षरांत ‘छापलं आणि बनवलं’ असं म्हणून त्यांचं नाव असे. बीटल्सच्या एकाच रेकॉर्डची दोन मुद्रकांची कव्हरं तिथले संग्राहक वेगळी ओळखतात आणि त्यावरून छपाईचा क्रम लावतात. वर चढवलेल्या पारदर्शक थराचंसुद्धा नाव छापलेलं सापडतं: ब्रिटिश सेलानीझ कंपनीची ‘क्लॅरिफॉइल’. कॅनडात पार्स प्रिंट अँड लिथो, मॉडर्न आल्बम, शोरवुड पॅकेजिंग ही नावं अशाच कोपऱ्यातल्या ओळींवरून जमली. आपल्याकडेही दुसऱ्या क्षेत्रात हे काम झालेलं आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राखालच्या ओळीतल्या गावाच्या नावावरून अभ्यासक त्या ओलिओग्राफांचा काळ ठरवतात. पुण्याच्या चित्रशाळेच्या देवादिकांच्या चित्रांचंही तसंच. चित्राला जी नजर मिळाली ती रेकॉर्डच्या कव्हराला मिळालेली नाही, एवढाच फरक.

मुळात कव्हर ही उशिरा आलेली गोष्ट. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गाइसबर्ग याने १९०२ साली कलकत्त्यात पहिली ध्वनिमुद्रणं केली तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून येत. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला, १९२०च्या दशकाच्या अखेरीस दमदमचा. ७८ फेऱ्यांच्या या रेकॉर्डी मध्ये भोक असलेल्या जाड तपकिरी कागदाच्या पिशवीत मिळत. पिशवीवर कंपनीचं चिन्ह, ग्रामोफोनच्या सुया बदलण्याची सूचना, किंवा विक्रेत्याचं नाव नि पत्ता. विक्रेत्याची पिशवी असेल तर ती त्याच शहरातल्या एखाद्या लहान छापखान्यात, ट्रेडल यंत्रावर, एका रंगात निघाली असण्याचा संभव मोठा. मुंबईत वडाळ्याला कारखाना असलेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या ‘यंग इंडिया’ रेकॉर्डींच्या पिशव्यांकडे या दृष्टीने पाहायला हवं. तबकडी मुंबईची, मग पिशवी बाहेरून कशाला येईल? पण या पिशव्यांची एक मोठी अडचण आहे. त्या फाटत आणि बदलल्या जात. आज बालगंधर्वांची रेकॉर्ड ज्या पिशवीत सापडते ती तिचीच असेल, याची खात्री कुणी देऊ नये. पिशवीची नोंद रेकॉर्डच्या नोंदीपासून वेगळी ठेवणं एवढंच करता येतं.

चित्रांकित कव्हराची कल्पना अमेरिकेत १९४०च्या सुमारास अॅलेक्स स्टाइनवाइसने कोलंबिया कंपनीसाठी रुजवली. आपल्याकडे ती लाँग प्ले आणि ४५ फेऱ्यांच्या ईपीबरोबर आली. ईपीची सात इंची कव्हरं मराठी भावगीतांचं आणि नाट्यगीतांचं खरं घर. पुढे १९७०च्या दशकात पॉलिडॉर मैदानात आली, तिचीच नंतर म्युझिक इंडिया झाली. ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड पॉलिडॉरचीच. कॅसेटीने १९८०च्या दशकात सगळं उलटंपालटं केलं आणि नव्वदीच्या सुरुवातीला विनाइल थांबलं. म्हणजे आपल्याला तपासायचा काळ जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा आहे. त्या छापखान्यांत उमेदीत काम केलेली काही माणसं अजून आहेत.

आता पुरावे. पहिला अर्थातच छापलेली ओळ. ती पाठीच्या तळाशी शोधतात. पण कण्यालगत उभी, वळवलेल्या फ्लॅपखाली किंवा घडीच्या कव्हरात आतल्या बाजूलाही ती असू शकते. फ्लॅप सुटलेलं कव्हर हाती लागलं तर ते चिकटवण्याआधी आतून पाहावं, कारण घडाईच्या आधी कडेला छापलेले रंगांचे ठिपके, जुळणीच्या फुल्या, कामाचा आकडा तिथे उरलेला असतो. पत्ता मिळाला की काळ आपोआप अरुंद होतो. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आले. ‘बॉम्बे ४’ असा गिरगावचा पत्ता बहुधा त्याआधीचा, ‘४०० ००४’ नक्की नंतरचा. ‘पूना’चं अधिकृत ‘पुणे’ सत्तरीच्या उत्तरार्धात झालं. एचएमव्हीच्या ग्रामोफोन कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द साठीच्या दशकाअखेरीस गळाला. मात्र जुना साठा आणि जुने ब्लॉक वर्षानुवर्षं वापरले जात, म्हणून पत्ता सांगतो ती अलीकडची हद्द फारशी भरवशाची नसते, पलीकडची असते. पिनकोड असलेलं कव्हर १९७१चं असणार नाही. पिनकोड नसलेलं १९७५चंही असू शकेल.

ओळ नसेल तर भिंग घ्यावं. लेटरप्रेसवर ब्लॉकने छापलेल्या छायाचित्राच्या ठिपक्याभोवती शाई दाबली जाऊन गडद कड उमटते. ऑफसेटचा ठिपका सपाट, एकसारखा असतो. पाठीवरच्या मजकुरावरून बोट फिरवावं, खिळ्यांनी जुळवून छापलेला असेल तर उलट बाजूने दाब जाणवतो. बऱ्याच कव्हरांची दर्शनी बाजू चार रंगांत आणि पाठ नुसती काळी असते. दोन्ही बाजू एकाच यंत्रावर निघाल्या असं गृहीत धरू नये, एकाच छापखान्यात निघाल्या असंही नाही.

मापाचा पुरावा मात्र माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि त्याला फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही. लाँग प्लेचं कव्हर उलगडलं, दर्शनी बाजू आणि पाठ मिळून फ्लॅपसकट, तर साधारण साडेपंचवीस इंच रुंद आणि साडेतेरा-चौदा इंच उंच कागद होतो. अठरा बाय तेवीसच्या डेमी कागदाचं यंत्र तो घेऊ शकत नाही. वीस बाय तीसचा डबल क्राऊन लागतो, आणि एका वेळी दोन कव्हरं काढायची तर त्याच्या दुप्पट. म्हणजे एकसंध कागदाचं लाँग प्ले कव्हर पाहिलं की गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतले ट्रेडलवाले बाद होतात. मोठं ऑफसेट असलेला छापखाना उरतो, आणि अशांची यादी कोणत्याही शहरात लांब नसते. उलट ईपीचं कव्हर उलगडून पंधरा बाय साडेआठ इंचांच्या आत बसतं, डेमी कागदावर दोन निघतात. मराठी ईपीची कव्हरं मध्यम छापखान्यांतही निघू शकत होती. दर्शनी बाजू आणि पाठ वेगळ्या कागदांवर छापून चिकटवलेली असतील तर हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून नोंद करताना कव्हर एकसंध आहे की जोडलेलं, हे पहिल्यांदा लिहावं.

आणि मग घडाई. पुठ्ठा कापणारा पोलादी डाय, घडीसाठी क्रीझ, बोट घालायची खाच, फ्लॅपचे तिरके कोपरे, ही सगळी डायची खूण आहे आणि डाय बनवून घेणं खर्चाचं असल्याने एकच डाय अनेक कामांना वापरला जातो. दोन वेगळ्या रेकॉर्डींची कव्हरं फ्लॅपच्या कोनापर्यंत तंतोतंत जुळली तर ती एकाच घडाईवाल्याकडून आली असं म्हणायला जागा होते, निदान एकाच डायवरून. छापणारा आणि घडवणारा एकच असेल असं नाही. इंग्लिश कव्हरावर ‘छापलं आणि बनवलं’ असे दोन शब्द का असत, ते इथे कळतं.

मराठी कव्हरांपाशी एक असा पुरावा आहे जो इंग्लंड-कॅनडाच्या संग्राहकांना कधी मिळणार नाही, तो म्हणजे अक्षरांचं वळण. देवनागरी खिळ्यांच्या मुंबई आणि कलकत्ता अशा दोन परंपरा होत्या. अ, झ, ण ही अक्षरं आणि ५, ८, ९ हे आकडे दोन्हींत वेगळे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने घडवलेलं वळण मराठी डोळ्याला इतकं सवयीचं की जुन्या कलकत्ता वळणाचा ण पाहिला की आपण अडखळतो. साठीच्या दशकापर्यंत हिंदीतही मुंबईचे अ, झ, ण रूढ होत गेले, त्यामुळे कव्हरांच्या काळात ही खूण थोडी बोथट झालेली आहे; पण ल आणि श उरतात. मराठी ल गोलाईचा, हिंदी ल उभ्या काठीचा. मराठी श गाठीचा, हिंदी श वेगळ्या मुरडीचा. त्याहून पक्की खूण म्हणजे आपला अर्धा र. ‘वाऱ्यावर’, ‘ताऱ्यांचे’, ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दांना लागणारा तो खिळा हिंदी खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, नसतो. ‘वार्‍यावर’ असं बरोबर न येता र डोक्यावर चढून शब्द विचित्र झाला असेल, किंवा ळ आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा जाड, उंच, उसना आणल्यासारखा दिसत असेल, तर जुळारी मराठी छापखान्यातला नव्हता असं मी जवळजवळ ठामपणे म्हणेन. जुळारी दूर कुठेतरी परक्या लिपीवळणाच्या केससमोर बसून मराठी गाण्यांची यादी जुळवतो आहे, मजकूर तपासायला जवळ मराठी माणूस नाही, हे चित्र त्या एका ऱ्य वरून उभं राहतं.

हा पुरावा ताणू मात्र नये. दर्शनी बाजूवरचं शीर्षक बहुधा चित्रकाराने हाताने काढलेलं असतं, त्यावरून छापखाना कळत नाही, चित्रकार कळू शकतो. मजकूर मुंबईत जुळवून त्याचा स्वच्छ प्रूफ दूरच्या ऑफसेट छापखान्याकडे पाठवता येत असे. मग अक्षरं मुंबईची आणि छपाई दुसरीकडची. ऑफसेटवर निघालेल्या पाठीबद्दल म्हणूनच दोन विधानं वेगळी करावीत: जुळणी कुठली, छपाई कुठली. खिळ्यांवरून थेट छापलेल्या, बोटाला दाब लागणाऱ्या पाठीबद्दल मात्र दोन्ही एकच. अशी कव्हरं संख्येने कमी, पण शोधाचा पाया त्यांच्यावरच घालता येईल. शिवाय पाठीवरचा मजकूर पुष्कळदा सगळा इंग्रजीतच असतो, गाण्याचे शब्दसुद्धा रोमन लिपीत. तिथे हा मार्ग बंद.

यातलं किती काम झालं आहे? तबकड्यांबाबत बरंच. मायकेल किनियरने ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ साली प्रसिद्ध केली. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काम करते आहे आणि सुरेश चांदवणकरांनी लेबलांवर, कंपन्यांवर चिकाटीने लिहिलं आहे. एचएमव्हीत अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाची धुरा वाहिलेल्या जी. एन. जोशींच्या आठवणी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गाण्यांच्या पुस्तिका आणि पोस्टर आहेत. छपाईच्या बाजूने अ. का. प्रियोळकरांचा मुद्रणाचा इतिहास आहे, पण तो कव्हरांच्या काळाशी येत नाही. दोन्ही शाखा भरल्या आहेत. त्या जिथे एकमेकींना भेटतात ती जागा रिकामी आहे.

ती जागा भरण्याचं काम आपल्याकडे कुणाला करायचं असेल तर उशीर करून चालणार नाही, हे मी कळंबोलीत बसून पाहतो आहे. ही सिडकोची वसाहत लोखंड बाजारासाठी, ट्रकांसाठी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या तोंडासाठी ओळखली जाते, रेकॉर्डींसाठी नव्हे. पण गिरगाव, परळ, दादरहून इकडे आलेल्या कुटुंबांबरोबर रेकॉर्डीही आल्या. म्हातारी माणसं गेली, घर बदललं, की त्या भंगारात जातात. भंगाराच्या दुकानात वस्तू मालाच्या जातीने निवडतात: तबकडी प्लास्टिकच्या ढिगात, कव्हर पुठ्ठ्याच्या. दोघांची ताटातूट तिथेच होते. कुणी संग्राहक वेळेवर पोचला तर तो तबकडी वाचवतो, कारण तबकडी धुता येते, वाजवता येते. फाटक्या कव्हराला किंमत नसते. वसाहत सखल, जोराच्या पावसात तळमजल्यांवर पाणी येतं. भिजलेल्या पुठ्ठ्याचे थर सुटतात, लॅमिनेशनखाली बुरशी धरते आणि पहिली जाते ती तळाची बारीक ओळ, कारण कव्हर उभं ठेवलेलं असतं आणि ओल खालून चढते. आपल्याला हवी असलेली ओळ नेमकी तिथेच आहे.

म्हणून फाटकं कव्हरही उचलावं. खरं तर फ्लॅप सुटलेलं, उलगडलेलं कव्हर अभ्यासासाठी अखंड कव्हरापेक्षा जास्त बोलकं असतं. संग्राहक आज दर्शनी बाजूचा फोटो काढतात आणि थांबतात. पाठ, कणा, आतली बाजू आणि फ्लॅप यांचेही फोटो, सोबत पट्टी ठेवून, काढले पाहिजेत. रेकॉर्डचा क्रमांक लिहावा, कारण ईसीएलपी, ईएएलपी, ईएएसडी, सेव्हन-ईपीई या मालिका काळाच्या क्रमाने मांडता येतात, आणि एका मालिकेतल्या शेजारच्या क्रमांकांपैकी एकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव मिळालं तर त्याच डायच्या, त्याच वळणाच्या बिननावाच्या कव्हरांबद्दल अंदाज बांधता येतो. अंदाजाला अंदाजच म्हणावं. ‘नाव छापलेलं’, ‘डायवरून’, ‘अक्षरांवरून’ अशा तीन वेगळ्या खुणा नोंदीत ठेवल्या तर पुढच्या माणसाला आपलं काम तपासता येईल.

आणि रेकॉर्डबरोबर निघालेला इतर कागद शोधावा. कंपन्यांच्या नव्या रेकॉर्डींच्या मराठी याद्या, नाटकांच्या पदांच्या पुस्तिका, सिनेमाची गीतपुस्तकं. या वस्तू कायद्याच्या लेखी निःसंशय पुस्तक वा कागद होत्या, त्यामुळे त्यांच्यावर मुद्रकाचं नाव असण्याची शक्यता कव्हरापेक्षा कितीतरी अधिक. कंपनी एका वर्षी यादी ज्या छापखान्याकडून काढत होती त्याचं नाव मिळालं की त्या छापखान्याकडे मोठं ऑफसेट होतं का, डाय कापणारा कुणी जोडीला होता का, हे विचारता येतं. लोअर परळ, प्रभादेवी, गिरगावातले किती छापखाने बंद झाले, किती तुर्भे, महापे, तळोज्याकडे सरकले. स्थलांतरात यंत्रं गेली, खिळे वजनावर विकले गेले. चलनबुकं आणि कामाच्या वह्या एखाद्या माळ्यावर राहिल्या असतील तर त्या मुलानातवंडांच्या घरी. निवृत्त मशीनमनला जुनं कव्हर हातात दिलं की तो आधी ते उलटं करतो, कडेने कागदाची जाडी बोटाने चाचपतो आणि मगच चित्राकडे बघतो. त्याला गायकाचं नाव विचारू नये. कोणत्या यंत्रावर, कुणाच्या पाळीत आणि कागद कुठून येत असे, हे विचारावं, आणि तो सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घ्यावं.